विषय: पहिला सोमवार, पब आणि देवाधर्माच्या गप्पा

प्रेषक: मंदार

नमस्कार मंडळी,

परवा विसर्जनानंतर हॉल आवरताना एका नव्या मुलानं विचारलं, "दादा, तुम्ही हे सगळं मानता का हो?" माझ्या दोन्ही हातांत मिटलेल्या खुर्च्या. मी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणालो, "मोदकांचे रिकामे डबे कुठे गेले, बघ जरा."

एकोणीस वर्षं ऑक्सफर्डमध्ये आरत्या म्हणतोय, पण या प्रश्नावर कुणाशी धड बोललेलो नाही. म्हणून सुचवतो: महिन्याचा पहिला सोमवार, संध्याकाळी साडेसात, काउली रोडमागच्या गल्लीतला पब. मागची खोली तेव्हा रिकामीच असते. मालकीणबाई भाडं घेणार नाहीत, फक्त प्रत्येकानं काहीतरी मागवायचं. मंगळवारी क्विझ असते, तो वार नको.

पबच का? कुणाच्या घरी ठेवलं की घरची बाई दोन दिवस आधीपासून बटाटेवड्यांच्या मागे. आणि त्यांच्या देवघरासमोर बसून, त्यांचाच वडा खात, 'मी देव मानत नाही' म्हणायचं तरी कसं? देवळात चपलांबरोबर निम्मे प्रश्नही बाहेर राहतात. पबमध्ये कुणी कुणाचा पाहुणा नसतो. शिकागोकडच्या कॅथलिकांनी तर 1981 सालीच तरुणांसाठी धर्मावरच्या गप्पा सुरू केल्या, आणि पुढे त्या बऱ्याच ठिकाणी बारमध्ये होऊ लागल्या.

एकच अट: कुणी कुणाला सुधारायचं नाही.

प्रेषक: शुभदा

मंदार,

विचार चांगला, जागा वाईट. माझ्या गळ्यात माळ आहे. समोरचा बिअरचा फेस पुसत ज्ञानेश्वरीवर बोलणार आणि मी मान डोलवायची? शिवाय मंडळाच्या मेलवर 'पब' शब्द आला की रात्रीतून पुण्याला माझ्या जाऊबाईंना कळणार, कसं ते मला विचारू नकोस. लायब्ररीची खोली मिळते, ती घ्या. आणि वार कुठला निवडलास, तर सोमवार! निम्म्या लोकांचा उपवास असतो. श्रावणात काय करणार आहेस?

प्रेषक: अनुजा

मी सहसा इथे लिहीत नाही.

मार्चमध्ये बाबा गेले, इथेच. दहनाची वेळ मिळाली ती अकराव्या दिवशी. म्हणजे दहावा दहनाच्या आधीच होऊन गेला. तो करायचा होता की नव्हता, ते मला आजही कळलेलं नाही. आत आम्हाला अर्धा तास दिला होता. गुरुजी नाशिकहून व्हिडिओ कॉलवर, फोन माझ्या मुलाच्या हातात. मंत्र मध्येच अडकायचे, गुरुजींचं तोंड उघडंच राहायचं. तिसऱ्यांदा ते "आवाज येतोय ना?" म्हणाले तेव्हा मुलगा फिसकन हसला. आणि मीही हसले. बाबांच्या पेटीला माझा हात लागलेला होता.

ते हसू अजून डोक्यातून जात नाही. हे मी कुणाच्या हळदीकुंकवाला जाऊन विचारू? लायब्ररी चालेल, पब चालेल. मी येणार आहे.

प्रेषक: वसंतनाना

शुभदा, कुठे बसलं म्हणजे बाटतं, हा वाद आपल्याकडे जुना आहे. 1890 साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये रानडे, टिळक वगैरे मंडळी व्याख्यानाला गेली. समोर चहा-बिस्किटं आली. कुणी चहा प्यायले, कुणी कप नुसता हाती घेऊन खाली ठेवला. गोपाळराव जोशांनी सगळ्यांची नावं छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनीही पुढे घेतलं आणि त्यांचे सुधारक मित्रच त्यांच्यावर नाराज झाले.

गंमत अशी की ते मिशन चालवणारे पाद्री याच काउलीतले. त्यांचा संघ 1866 साली इथेच निघाला. तेव्हा ही आपली परतभेट समजा. मी येईन, पण गुडघ्यांमुळे पायऱ्या नकोत. व्याख्यान देणार नाही, हे मंदारला लिहून देतो (घरचे विश्वास ठेवत नाहीत).

प्रेषक: शुभदा

अनुजा, मला फोन का नाही केलास गं? शेजारच्या गल्लीत राहतेस. उद्या येते.

मंदार, बुधवार कर. मधे एकादशी आली तर मी नाही. मंडळाचं नाव त्यात घालायचं नाही, आणि फोटो तर मुळीच नाही. तिथे चहा मिळतो का, ते विचारून ठेव. नाना, तुमच्यामुळे नव्हे.

प्रेषक: मंदार

बुधवार ठरला, साडेसात. नाना, पुढच्या दाराला एक पायरी आहे, मागून या, तिथे उतार आहे. काकू, चहा मिळतो, पण पिशवीचा, दूध वेगळं. आलं तुम्ही आणा, किसणीचं मी बघतो. अनुजा, तुझी हरकत नसेल तर सुरुवात तुझ्या प्रश्नापासून करू. नसेल सांगायचं, तर नुसती बस.

आणि त्या खुर्च्या उचलणाऱ्या मुलाचा नंबर कुणाकडे आहे का? उंच, चष्मा, मिनी गाड्यांच्या कारखान्यात नवीन लागलाय. नाव विचारायचं राहूनच गेलं.