काशीत गुडघेदुखीवाल्या आईसाठी कुठं राहावं? मदत हवी आहे

सोलापूरहून आम्ही तिघं दिवाळीनंतर काशीला चाललोय, तिकिटं झालीत, हातात अडीच दिवस. आई ७२ वर्षांची, सपाटीला चालते पण दहा पायऱ्या झाल्या की कठडा धरून उभीच राहते (व्हीलचेअरचं नाव काढलं की चिडते). विश्वनाथ, कालभैरव आणि अर्धा दिवस सारनाथ एवढंच ठरवलंय, अहिल्याबाईंनी १७८० साली बांधलेलं विश्वनाथाचं देऊळ बघायचंच हा तिचा हट्ट. दोन लॉजवाल्यांना फोन केला, दोघंही म्हणाले घाट एकदम जवळ, पायऱ्या किती ते कुणी सांगेना. विश्वनाथाजवळच्या गोदौलिया चौकाच्या पुढं गाडी जात नाही म्हणे, मग अस्सी घाटाला राहिलेलं बरं का? आणि दशाश्वमेधची आरती नावेतून बघायची तर आईला नावेत चढवायला सोपा घाट कुठला, अस्सी की नमो घाट?