‘मात्रा’ या शब्दाचे अर्थ किती?

प्रश्न
लिपीविषयीच्या एका हिंदी पाठाचे मराठी रूपांतर करताना मी ‘मात्रा’ या शब्दापाशी अडलो आहे. हिंदीत प्रत्येक स्वरचिन्हाला मात्रा म्हणतात. आपण काना, वेलांटी, उकार अशी निरनिराळी नावे योजून अक्षराच्या डोक्यावरील तिरप्या रेघेलाच मात्रा म्हणतो. छंद, ताल आणि वैद्यक यांतही हाच शब्द आहे. या सर्वांचे मूळ एकच आहे काय?

प्रतिसाद १
होय. ‘मा’ म्हणजे मोजणे, या संस्कृत धातूपासून हा शब्द आला. आपले ‘मात्र’ हे अव्ययही त्याच कुळातले. उच्चारात ऱ्हस्व स्वराची १ मात्रा, दीर्घाच्या २, प्लुताच्या ३ आणि व्यंजनाची अर्धी. छंदःशास्त्राने हेच माप घेतले. पण तेथे पुढे जोडाक्षर आल्यास, त्याचा आघात होत असेल तर, ऱ्हस्व अक्षरही गुरू ठरून २ मात्रांचे होते. आता ‘मात्रा’ हाच शब्द घ्या. छंदाच्या हिशेबाने त्यात ४ मात्रा, हिंदी लिपीच्या हिशेबाने २, आणि मराठी लेखनाच्या हिशेबाने एकही नाही, नुसते दोन काने! तेव्हा पाठातील आकडे कृपया जसेच्या तसे उतरवू नका.

प्रतिसाद २
तालातील मात्रेबद्दल थोडे. त्रितालाच्या १६ आणि झपतालाच्या १० मात्रा ठरलेल्या असतात. एका मात्रेला किती वेळ द्यायचा, हे लय ठरवते. विलंबित ख्यालात एकेक मात्रा इतकी लांबते की तिच्या पोटात तबलजी बोल भरत जातो. म्हणून कवितेच्या मात्रा मोजून तिचा ताल सांगता येईलच, असे नाही.

प्रतिसाद ३
वैद्यकात मात्रा म्हणजे औषधाचे प्रमाण. पुढे सहाणेवर मधात उगाळून द्यायच्या औषधालाच, उदाहरणार्थ हेमगर्भाला, मात्रा म्हणू लागले. ‘मात्रा लागू पडणे’ किंवा ‘कोणाची मात्रा न चालणे’ हे प्रयोग तेथूनच भाषेत आले.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. हिंदीतील ‘मात्रा’साठी मी आता ‘स्वरचिन्ह’ लिहीन. परंतु मोजमापाचा शब्द रेघेला कसा चिकटला?

प्रतिसाद १
दीर्घता दाखवणाऱ्या चिन्हाला दीर्घतेच्या मापाचे नाव मिळावे, हे मला स्वाभाविक वाटते. शिवाय संस्कृतातही नागरी अक्षराच्या वरच्या रेघेला मात्रा म्हटलेले आढळते, आणि बंगालीत तर आजही शिरोरेघेचे नाव मात्रा हेच आहे.