स्वेटरच्या बाहीत टाके कुठे वाढवायचे?

लोकरवेडी:
आईसाठी फुल बाह्यांचा स्वेटर विणायला घेतलाय, डीके (मध्यम जाडीची) लोकर, ८ नंबरच्या सुया. पॅटर्न नाहीये, तिच्याच मापावर करतेय. आधी छोटा चौकोनी नमुना विणून, धुवून, वाळवून मोजला तर ४ इंचात २२ टाके, ३० ओळी. छाती ३६, त्यात २ इंच सैल, त्याचे अर्धे १९ इंच म्हणजे १०४ आणि शिवणीचे २, असे पाठीला १०६ टाके घातले. बाहीला मनगटाशी ४६ आणि दंडाशी ७४ हवेत, म्हणजे दोन्ही कडांना एकेक असं १४ वेळा वाढवायचं. बॉर्डरनंतर मुंढ्यापर्यंत (काखेशी बाही जोडतो तिथपर्यंत) १५ इंच, ११२ ओळी. दर ८व्या ओळीला बरोबर बसतंय, पण मग शेवटची वाढ अगदी मुंढ्यालाच येते, चालेल का? आणि खांदा १५ इंच आहे तर मुंढ्याला किती टाके बंद करू?

निळीसुई:
मुंढ्याला चिकटून नको गं, काखेच्या आधीच बाहीला पूर्ण घेर मिळायला हवा, नाहीतर हात वर केला की दंडाला आवळतं. शेवटच्या १४ ओळी साध्याच विण, ते जेमतेम २ इंच होतात. राहिल्या ९८, म्हणजे दर ७व्या ओळीला वाढ. पण ७ घेतलंस तर एकदा सुलट बाजूने वाढणार एकदा उलट, आणि ते दिसायला सारखं येत नाही, म्हणून एकदा ६व्या एकदा ८व्या ओळीला असं आलटून पालटून कर, सगळ्या वाढी सुलट बाजूलाच पडतात. कडेचा एक टाका सोडून आत वाढव, शिवण फार छान बसते.
खांद्याच्या १५ इंचाचे ८२ आणि शिवणीचे २, म्हणून मुंढ्याला १०६ चे ८४ करायचे, दर बाजूला ११ कमी. आधी ५ एकदम बंद, मग एकाआड एक ओळीला १ असं ६ वेळा.

उबदार_विणकाम:
हिशोब बरोबर आहे, फक्त नमुना केवढा विणलायस? निदान ६ इंचाचा हवा आणि माप मधलं घ्यायचं, कडेचे टाके धरायचे नाहीत. इंचाला साडेपाचऐवजी ५ टाके भरले ना, तर याच टाक्यांत पूर्ण घेर जवळजवळ ४ इंच वाढतो!

लोकरवेडी:
५ इंचाचा होता, आज मोठा विणून परत धुते. ६-८ चं डोक्यातच आलं नव्हतं, खूप थँक्यू ताई.

निळीसुई:
जमलं तर दोन्ही बाह्या एकाच लांब सुईवर दोन गुंडे घेऊन एकदम विण, वाढी आपोआप सारख्या ओळीला येतात.