पंचविशीनंतर वडिलांच्या पैशांवर जगणाऱ्यांची लाज काढणाऱ्यांना सविस्तर उत्तर

आडवाट (धागा सुरू करणारे)

पंचविशी उलटलेल्या मुलाने आईवडिलांकडून दरमहा पैसे घेणे लाजिरवाणे आहे, पुण्याच्या पेठांमध्ये अशी ऐतखाऊ मुले हजारोंनी बसली आहेत आणि घरून येणारे पैसे एका ठरावीक वयानंतर बंद झाले तरच ती कामाला लागतील, असे रोखठोक यांनी परवा लिहिले. त्याखाली पडलेल्या शाबासक्या वाचून मला गप्प बसवेना, म्हणून स्वतंत्र धागा काढत आहे.

ज्यांना ऐतखाऊ म्हटले, ती स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले कोणत्या वेळापत्रकावर जगतात ते आधी पाहावे. 5 एप्रिल 2020 रोजी होणारी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा पूर्व परीक्षा साथीमुळे लांबली, ऑक्टोबरात पुन्हा लांबली, आणि 14 मार्च 2021 ही तारीख तोंडावर आली असताना तीन दिवस आधी पुन्हा पुढे ढकलली गेली, तेव्हा नवी पेठेतली मुले रस्त्यावर उतरली. 2019च्या राज्यसेवेतून निवड झालेल्या 413 उमेदवारांचा निकाल जून 2020 मध्ये लागला आणि त्यानंतर नियुक्तीची वाट पाहण्यात त्यांचे वर्षाहून अधिक गेले. परीक्षा उत्तीर्ण होऊनही ज्यांच्या हाती पगार नव्हता, त्यांनी त्या वर्षात जेवायचे कोणाच्या जिवावर? शासनाने खुल्या प्रवर्गाला अडतिसाव्या आणि मागास प्रवर्गाला त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत परीक्षा देण्याची मुभा दिली आहे. म्हणजे ज्या वयात तुम्ही मुलाला नालायक ठरवता, त्या वयात शासन त्याला उमेदवार मानते.

खासगी नोकरीचा पर्याय सुचवणाऱ्यांनी 2023ची तलाठी भरती आठवावी. 4,644 जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, आणि खुल्या प्रवर्गासाठी एका अर्जाचे शुल्क 1,000 रुपये होते. अर्ज करणारे सगळे आळशी होते, असे मला कोणी पटवून देऊ शकणार नाही. कोरडवाहू गावातल्या पदवीधराला तालुक्याच्या ठिकाणी मिळणारी नोकरी त्याचे स्वतःचे पोटही धड भरत नाही, हे आईवडिलांना पूर्ण ठाऊक असते आणि म्हणूनच ते विचार करून पैसे पाठवतात. त्यांच्या त्या निर्णयाला भाबडेपणा ठरवण्याचा अधिकार बाहेरच्या माणसाला नाही.

रोखठोक

माझ्या लेखनाला एवढे लांब उत्तर आले, याचा अर्थ ते वर्मी लागले असे मी समजतो. आपण दिलेल्या तारखांबद्दल माझा वाद नाही. आयोगाने मुलांचे हाल केले, हे मान्य. परंतु परीक्षा लांबली म्हणून मुलाने मधल्या काळात काहीच करू नये, हे त्यातून कसे निघते?

मी एका कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालो. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत 2014 पासून किमान निवृत्तिवेतन महिना 1,000 रुपये आहे. मला मिळते ते त्यापेक्षा अधिक असले तरी त्यात आम्हा दोघांची औषधेही पुरती भागत नाहीत. माझ्या मुलाने अभियांत्रिकी पूर्ण करून हाती आलेली नोकरी सोडली आणि तो पुण्याला गेला. कॉटचे भाडे, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज आणि क्लासची फी हे सारे मी भविष्य निर्वाह निधीतून पुरवले. पूर्व परीक्षा निघते, मुख्य अडते, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आता तो म्हणतो की पद्धत बदलली, 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, त्यामुळे आणखी वेळ द्यावा लागेल. मी नाही म्हणू शकत नाही, कारण नाही म्हटले तर त्याच्या अपयशाचे कारण मी ठरेन. त्याची आई रात्री झोपत नाही. बापाने स्वखुशीने दिले असे आपण लिहिता, तेव्हा त्या स्वखुशीत किती धाक असतो, हे आपल्याला कळायला आपले केस पांढरे व्हावे लागतील.

वाफ्यातला

रोखठोक काका, आपले दुःख खरे आहे, पण ते आपल्या घरचे आहे. त्यावरून सगळ्या पिढीला शिव्या देणे योग्य नाही. मी चिंचवडला आयटीत आहे, पगार बरा आहे, आणि तरीही घर घेताना वडिलांपुढे हात पसरावा लागला. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांवर जात नाही, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरला जात नाही. साठ लाखांच्या दोन खोल्यांसाठी बारा लाख आणि वर शुल्क रोख आणायचे, तेही भाडे भरत असताना! आपल्या पिढीला कारखान्याच्या वसाहतीत घर मिळाले किंवा सहकारी सोसायटीत भूखंड मिळाला. आम्हाला तो मार्ग राहिलेला नाही, हे एकदा तरी मान्य करा.

रोखठोक

मला वसाहतीत घर मिळाले नाही. निवृत्त होईपर्यंत मी भाड्याच्या खोलीत राहिलो आणि वडिलांकडे एक पैसा मागितला नाही. तुम्हाला दोन खोल्या पुण्यातच हव्यात, त्याही वाहनतळ आणि उद्वाहक असलेल्या इमारतीत, ही तुमची निवड आहे. तिचा भार माझ्या पिढीवर टाकू नका.

राइनकाठ

पाश्चात्त्य देशांत अठराव्या वर्षी मुलाला घराबाहेर काढतात, हे वाक्य या धाग्यावर अजून कोणी लिहिलेले नाही, पण मूळ लेखाखालच्या प्रतिसादांत ते वारंवार आले आहे. मी जर्मनीत राहतो. येथे मुलाचे पहिले व्यावसायिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, तो सज्ञान झाला तरी, आईवडिलांनी त्याचा खर्च उचलणे हे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि शिकणाऱ्या मुलासाठीचा बालभत्ता सरकार वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत आईवडिलांना देते. इटलीत मुले सरासरी तिशीच्या आसपास घर सोडतात. फिनलंडमध्ये एकविशीच्या सुमारास. त्यामुळे पश्चिमेचा दाखला देऊन मुलांना हिणवणे थांबवावे. मात्र येथे मदतीला एक शेवट आहे, तो म्हणजे पहिले शिक्षण. आपल्याकडे तो कोठेच लिहिलेला नाही, आणि रोखठोक यांची खरी तक्रार बहुधा तीच असावी.

बांधावरची

आपण सगळे वडील आणि मुलगा याच दोन माणसांविषयी बोलत आहात. त्या पैशावर तिसऱ्या माणसाचाही हक्क असतो, हे एकाही प्रतिसादात आलेले नाही.

माझा भाऊ पुण्यात परीक्षेचा अभ्यास करत होता, त्या वर्षी मला बी.एड.ला प्रवेश मिळत होता. दोघांचे शिक्षण एकदम झेपणार नाही असे घरी ठरले आणि माझे लग्न झाले. भावाच्या खर्चासाठी वडिलांनी ओढ्याकडची जमीन विकली. ती आजोबांपासून चालत आलेली होती. भाऊ अधिकारी झाला नाही, आता तालुक्याला दुकान चालवतो, आणि त्याबद्दल मी त्याला कधी बोल लावलेला नाही. परंतु आता उरलेली जमीन त्याच्या नावावर करण्यासाठी माझ्याकडे हक्कसोडपत्रावर सही मागितली जात आहे. मी कारण विचारले, तेव्हा आई म्हणाली, "त्याचे काहीच झाले नाही ग, त्याला आधार नको का?" म्हणजे तो यशस्वी झाला असता तर कर्तबगार म्हणून जमीन त्याची, आणि अपयशी झाला तर निराधार म्हणून जमीन त्याचीच. सज्ञान मुलाला आईवडील पोसतात असे आपण म्हणता, तेव्हा त्यात बहिणीच्या वाट्याचे किती असते, याचा हिशेब एकदा तरी मांडा.

वाफ्यातला

ताई, आपण धागा भलतीकडे नेत आहात. आणि हिशेबच मांडायचा तर पूर्ण मांडा. माझ्या दोन बहिणींच्या लग्नांसाठी वडिलांनी सोसायटीचे कर्ज काढले, सोने घातले, मानपान केले, आणि ते कर्ज नोकरीला लागल्यावर मी फेडले. तो खर्च वाट्यात धरायचा नाही काय? माहेरच्या जमिनीत हिस्सा मागणाऱ्या बहिणी आईवडिलांच्या दवाखान्याचे बिल भरताना कोठे असतात?

बांधावरची

माझ्या वडिलांना गेल्या पावसाळ्यात दवाखान्यात ठेवले, तेव्हा उशाशी मी बसले होते आणि बिलाचा निम्मा भाग माझ्या नवऱ्याच्या पगारातून गेला. आपल्या बहिणी कोठे होत्या, ते आपल्या बहिणींना विचारा; माझ्यावर तो आरोप करू नका. लग्नातला मानपान मी मागितला नव्हता. तो खर्च आपल्या घराण्याची शान राखण्यासाठी होतो आणि त्याची पावती मात्र मुलीच्या नावाने फाडली जाते. सोन्याचे म्हणाल, तर हुंड्यावर 1961 पासून कायद्याने बंदी आहे. बेकायदा दिलेला पैसा कायदेशीर वाट्यातून वळता करून घ्यायचा, हा न्याय मला मान्य नाही.

आडवाट

दोघांनाही विनंती की प्रश्न पुण्यात अभ्यास करणाऱ्या मुलांच्या खर्चाचा होता, वाटणीचा नव्हता.

बांधावरची

तो खर्च विकलेल्या जमिनीतून झाला असेल, तर प्रश्न वाटणीचाच आहे. आपण तो वेगळा काढू शकत नाही.

तारीखपेतारीख

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो, त्यामुळे भांडण वाढण्याआधी काही गोष्टी सांगतो. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956 याच्या कलम 20 प्रमाणे आईवडिलांनी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलांना पोसायचे आहे आणि स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीलाही. धडधाकट सज्ञान मुलाला निर्वाह मागण्याचा हक्क त्यात नाही. उलट 2007च्या कायद्याने वृद्ध आईवडिलांना मुलांकडून निर्वाह मागता येतो, त्याची कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये आहे. म्हणजे रोखठोक यांनी उद्या पैसे बंद केले, तर कायदा त्यांच्या बाजूने उभा राहील.

ताईंबद्दल बोलायचे तर महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मजात हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. केंद्राने 2005 साली हिंदू वारसा कायद्यात केलेल्या दुरुस्तीत ती अट राहिली नाही, आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्माने मिळतो, त्यासाठी 2005 साली वडील हयात असणे आवश्यक नाही, असे स्पष्ट केले. लग्नात झालेला खर्च हा हक्क संपवत नाही. हक्कसोडपत्र मात्र स्वेच्छेने नोंदवले की ते फिरवणे फार अवघड असते, आणि माझ्या टेबलावर येणाऱ्या बहिणींपैकी बहुतेकजणी माहेर तुटेल या भीतीने सही करून आलेल्या असतात.

आणखी एक. राहते घर किंवा शेतजमीन मुलाला बक्षीसपत्राने द्यायची तर राज्यात मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. ही सवलत चांगली आहे, पण त्यामुळे आईवडील विचार न करता सही करतात. आपला सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात लिहून घ्यावी; ती लिहिलेली असेल आणि मुलाने पाळली नाही, तर 2007च्या कायद्याच्या कलम 23 खाली ते रद्द करून घेता येते.

रोखठोक

वकीलसाहेब, कायदा माझ्या बाजूने असून काय उपयोग? मुलाला पैसे बंद करायला मला न्यायालयाची परवानगी नको आहे, त्याच्या आईची हवी आहे. पण ताईंच्या प्रतिसादाने मला अस्वस्थ केले, हे कबूल करावे लागेल. माझ्या मुलीने कधी काही मागितले नाही, आणि मीही तिला कधी काही विचारले नाही. भविष्य निर्वाह निधी मोडताना तिचा विचार माझ्या मनात आला नव्हता. तरीही पेठांमधल्या मुलांबद्दलचे माझे मत बदललेले नाही.

वाफ्यातला

लग्नखर्चाने हक्क संपत नाही, हे कायद्याने खरे असेल; वकीलसाहेब म्हणतात म्हणून मानतो. पण घरात राहून कर्ज फेडणाऱ्या भावालाही काही न्याय असावा, आणि तो या कायद्यात मला दिसत नाही.

आडवाट

वाटणीचा मुद्दा मी बाजूला सारत होतो, परंतु ताईंच्या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नाही. तरी माझा मूळ आक्षेप कायम आहे: लाज काढून कोणताही मुलगा कामाला लागत नाही, तो फक्त घरी फोन करणे बंद करतो. त्याऐवजी पैसे पाठवणाऱ्यांनी मुलाला घरी बोलावून, आई आणि बहीण समोर असताना, किती रक्कम, किती प्रयत्न आणि त्यानंतर काय, हे ठरवावे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या प्रशिक्षण योजनांत विद्यावेतन मिळण्याची शक्यता असेल, तर त्यासाठी आधी अर्ज करायला लावावा.

बांधावरची

या बैठकीत बहिणीला बसवायचे ठरवलेत, हे चांगले केले. पण तिला चहा करायला आत पाठवून मग रक्कम ठरवू नका. माझी सही अजून झालेली नाही. भावाला मी कळवले आहे की ओढ्याकडची जमीन कितीला गेली आणि त्यातले किती कोठे खर्च झाले, हे वडिलांनी आमच्या दोघांसमोर सांगावे, मग उरलेल्या जमिनीचे बोलू. त्याने अद्याप उत्तर दिलेले नाही.