तासगावातल्या बेदाणा स्टोरेजवाल्यांनी मिळून वीजप्रकल्प काढावा का?

बेदाणा_तासगाव
नमस्कार मंडळी. तासगावात आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, वडिलांनी उभं केलेलं. मार्चपासून माल येतो, मेपर्यंत चेंबर गच्च. उन्हाळा असा तापायला लागलाय की कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. भाडं वाढवावं तर शेतकरी आधीच अवकाळीनं मेटाकुटीला आलेला. रॅकवर वाळत घातलेला माल भिजून काळा पडला की त्याला दर कोण देतो?

आता एका मुंबईच्या खरेदीदारानं फॉर्म पाठवलाय. किलोमागं वीज किती लागते, त्यातली सौर किती, वगैरे. आम्ही चार-पाच स्टोरेजवाले जतकडं जमीन घेऊन एकत्र सोलर टाकायचं म्हणतोय. छपरावर मावत नाही. पण एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारी माणसं आम्ही! सौद्यात एकमेकांकडं बघत नाही. कुणी केलंय का असं?

सावळजचा_बागायतदार
आमचं पेटीमागचं भाडं कमी होणार असेल तर करा. नुसता फॉर्म भरायला करू नका.

कुपवाड_नटबोल्ट
आम्ही एमआयडीसीतले काहीजण मिळून केलंय. आमच्या मानेवर सुरी होती: युरोपचा कार्बन कर, सीबॅम, 1 जानेवारी 2026 पासून खरा लागू झाला आणि नट-बोल्ट त्यात येतात. बेदाणा येत नाही, तुम्ही निवांत आहात. गिऱ्हाइकांची यादी कुणी कुणाला दाखवत नाही, मीटरचं रीडिंग तेवढं दाखवतो. भांडणं गिऱ्हाइकावरून होत नाहीत, युनिटवरून होतात.

ते नीट समजून घ्या. 2005 च्या वीज नियमांत ‘कॅप्टिव्ह’, म्हणजे स्वतःच्या वापरासाठीचा प्रकल्प, म्हणवून घ्यायला वापरणाऱ्यांची मालकी किमान 26 टक्के पाहिजे आणि वर्षाकाठी निदान 51 टक्के वीज त्यांनीच वापरली पाहिजे. ते गणित चुकलं की क्रॉस सबसिडीचा अधिभार, म्हणजे दुसरीकडून वीज घेतल्याबद्दल वीज कंपनीला भरायचा जादा आकार, बसतो, मग सोलर स्वस्त राहत नाही. कंपनी काढलीत तर ज्याचा जेवढा शेअर तेवढा वापर, हेही बघतात. एखाद्यानं अर्धं चेंबर रिकामं ठेवलं की त्याचं प्रमाण बिघडतं. नोंदणीकृत सहकारी संस्था असेल तर या अटी सभासदांनी मिळून पाळल्या तरी चालतात. सांगली जिल्ह्यात संस्था कशी काढायची हे मी काय सांगू!

शेअर मात्र चेंबरच्या क्षमतेवर वाटू नका. बिलातल्या युनिटवर वाटा.

पाटणकर_पवन
वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची देखभाल करतो, म्हणून एक शंका. तुमचा माल पावसाळाभर स्टोरेजमध्येच असतो ना? जून ते सप्टेंबर ढगात सोलर पडतं, आणि रात्री तर शून्यच. आमच्याकडं नेमकं त्याच महिन्यांत वारं सुटतं, पाती रात्रीही फिरतात. सगळा पैसा पॅनेलमध्ये घालण्याआधी थोडा वाटा पवनचा घेऊन बघा. जमिनीचा आणि लाइनचा खर्च वेगळा पडेल, तो धरा.

बेदाणा_तासगाव
वाऱ्याचं डोक्यातच नव्हतं, आणि ढालगावच्या पवनचक्क्या तर आमच्याच जिल्ह्यात! @सावळज, दादा, भाड्याचा शब्द आत्ता देत नाही, आकडे आल्यावर बोलू. सगळ्यांची महिन्यावार बिलं गोळा करायला घेतलीत. एकजण बिल दाखवायला तयार नाही. त्याला संस्थेचा चेअरमन करायचं म्हणतोय, मग दाखवेल.