हायड्रेंजियाला यंदा कळी नाही, आणि निळा रंगही गेला

प्रश्न (पुणे):
दोन वर्षांपूर्वी पाचगणीच्या एका रोपवाटिकेतून निळ्या गुच्छांचा हायड्रेंजिया आणला आणि पूर्वेच्या गॅलरीत बारा इंची कुंडीत लावला. सकाळी दहापर्यंत त्याला ऊन मिळते. गेल्या वर्षी तो फुलला, पण गुच्छ फिकट गुलाबी होते. या जानेवारीत इतर कुंड्यांबरोबर त्याचीही अर्ध्यावर छाटणी केली; पाने तळहाताएवढी आणि तजेलदार आली, मात्र मे उजाडला तरी कळीचा पत्ता नाही. पाणी बोअरवेलचे असते आणि दर महिन्याला मूठभर बोनमील (हाडांचा चुरा) घालते. माझे काय चुकते आहे?

उत्तर १ (महाबळेश्वर):
जागा उत्तम आहे, चूक छाटणीच्या वेळेची आहे. आपल्याकडे कुंडीत मिळणाऱ्या मोठ्या पानांच्या जातींपैकी बहुतेकींची कळी आदल्या हंगामातल्या काडीच्या टोकाशी, थंडी पडू लागली की आतल्या आत तयार होते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी उमलते. म्हणजे जानेवारीत तुम्ही काडी नव्हे, फुलेच कापलीत. बहर ओसरताच, जुलै संपण्यापूर्वी, सुकलेल्या गुच्छाखालच्या जाड डोळ्यांच्या (नव्या फुटीच्या कोंबांच्या) जोडीच्या जरा वर कापावे आणि नंतर फक्त वाळलेल्या काड्या काढाव्यात. दुपारी पाने मलूल दिसली तरी लगेच पाणी ओतू नये. बोटाचे एक पेर मातीत खुपसून पाहावे आणि ओल असल्यास संध्याकाळची वाट पाहावी, कारण पाने बहुधा आपोआप सावरतात. सततच्या चिखलाने मुळे कुजतात, त्यामुळे माती कायम वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल न होणारी, राहायला हवी.

उत्तर २ (नाशिक):
रंगाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे बोनमीलकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. निळा रंग मुळांनी शोषलेल्या अॅल्युमिनियममुळे येतो आणि मातीचा सामू (पीएच) साधारण 5.5 च्या खाली, म्हणजे माती आम्लधर्मी असेल तरच ते मुळांना मिळते. बोअरवेलच्या पाण्यातील क्षार सामू वाढवतात, आणि बोनमीलमधला स्फुरद (फॉस्फरस) उरलेसुरले अॅल्युमिनियम बांधून ठेवतो. बोनमील बंद करावे, पावसाचे पाणी साठवून घालावे, आणि छाटणीनंतरच्या नव्या फुटीपासूनच पाच लिटर पाण्यात चहाचा एक चमचा तुरटीची पूड विरघळवून पंधरा दिवसांतून एकदा ओल्या मातीला द्यावी. उमललेल्या गुच्छाचा रंग यामुळे बदलणार नाही, आणि पांढऱ्या जाती तर निळ्या होतच नाहीत.

प्रश्नकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. आज पाने बाजूला करून पाहिले, तर भिंतीकडची एक काडी कात्रीतून सुटली होती आणि तिच्या टोकाला मोहरीएवढ्या हिरव्या कण्यांचा दाट झुबका आहे. तो गुलाबी निघाला तरी चालेल. तुरटी मात्र पावसाळ्यातल्या नव्या फुटीपासून सुरू करते.