लस टोचूनही डुकरे दगावली, म्हणजे लसच निकृष्ट?

लस टोचूनही आसाममधील डुकरांचा कळप दगावला, म्हणून ती लस निकृष्ट होती, असा निष्कर्ष चर्चेत काढला गेला; तो मला पटत नाही. आपल्याकडे टोचली जाते ती क्लासिकल स्वाइन फीव्हर या डुकरांच्या विषाणूजन्य तापाची लस. 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचलात भारतात प्रथमच निदान झालेला आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा अगदी वेगळ्या कुळातील विषाणूचा रोग असून त्याच्यावर त्या लसीचा काडीचाही उपयोग होत नाही. दोन्हींत सणसणीत ताप येतो, कान व पोट लालजांभळे पडते, त्यामुळे नुसत्या लक्षणांवरून भेद करणे अनुभवी पशुवैद्यकालाही शक्य नसते. शवविच्छेदनात प्लीहा काळपट, खूप सुजलेली आणि हात लावताच फुटणारी दिसली तर आफ्रिकन प्रकाराचा संशय बळावतो, पण खात्री पीसीआर या विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीनेच होते.

चर्चेत न आलेली एक बाब नमुन्याची आहे. तीव्र आजारात प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार होण्याआधीच जनावर मरते, त्यामुळे ती शोधणाऱ्या रक्तजलाच्या (सीरमच्या) चाचणीवरच विसंबलो तर अहवाल 'नकारात्मक' येऊन सारे गाफील राहतात. ताप चढलेल्या जिवंत डुकराचे रक्त जांभळ्या झाकणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए नळीत घेऊन बर्फात पाठवावे, आणि कृपा करून मेलेले डुक्कर उघड्यावर फाडू नये, कारण सांडलेल्या रक्तात विषाणू दीर्घकाळ टिकतो. खरकट्यातूनही विषाणू पसरतो, म्हणून डुकरांना हॉटेलचे खरकटे घालणे बंद करणे उत्तम. ते जमत नसेल तर किमान 90 अंश सेल्सियसवर, सतत ढवळत, तासभर शिजवूनच घालावे.